माळवदातून घेतलेला ताबा

घर कसं घ्यावं, हे माझ्याकडून शिकावं! म्हणजे, त्र्याहत्तर सालच्या चैत्रातल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजेपर्यंत मी असंच म्हणत होतो. सव्वादहाला माझा उजवा पाय मोडला.

आधी मी कोण ते सांगतो. मी सूर्यभान. राहुरीपासून कोसभरावरच्या एका साखर कारखान्यात काट्यावरचा कारकून. उसाची गाडी लांबून दिसली की बैलांच्या चालीवरून मी वजन सांगायचो, आणि काटा नंतर मान डोलवायचा! माणसांचंही सांगायचो. त्यामुळे लग्नाकार्यात बायका माझ्यासमोरून जरा लगबगीनं जायच्या.

अकरा वर्षं आम्ही कारखान्याच्या चाळीत दीड खोलीत काढली. भिंती अशा, की शेजारी शिंकला की आमच्या कपबश्या वाजायच्या. माझी बायको विजयमाला एक दिवस म्हणाली, "मला भांडायलासुद्धा जागा नाही. आवाज चढवला की शेजारीण पलीकडून सल्ला देते." त्याच दिवशी मी ठरवलं. घर घ्यायचं!

आणि मिळालंही. राहुरीतच, वरच्या आळीत, रंगनाथअण्णांचं. तीन खण, पुढे ओटा, मागे परसू, डोक्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. अण्णांचा मुलगा नाशिकला नोकरीला, म्हातारा-म्हातारी तिकडे निघालेली. घरावर अण्णांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, कानिफनाथाचं, अशी दोघांची नावं. कानिफनाथचं सुप्याला सायकलचं दुकान. त्याचा होकार आला, इसार दिला, पावती झाली. पावतीत स्पष्ट लिहिलं होतं : महिन्याच्या आत खरेदीखत झालं पाहिजे. नाही झालं तर व्यवहार मोडला! आणि मोडण्याची वाट बघत दुसरं एक गिऱ्हाईक मारुतीच्या पारावर रोज येऊन बसत होतं.

एखाद्यानं महिनाभर गप बसून खत केलं असतं. मी काट्यावरचा माणूस! पारखल्याशिवाय घेणार नाही. सुट्टीच्या प्रत्येक दिवशी मी त्या घरात जायचो. भिंती ठोकल्या. दारं चाळीस वेळा उघडली नि लावली. आडात दगड टाकला, 'ठक्' असा कोरडा आवाज आला, तोही वहीत लिहिला. राहिलं फक्त माळवद.

"अण्णा, गळतं का हो हे?"

"आता काय सांगू?" अण्णा खरं बोलणारा माणूस. "दोन वरसं पानी पडलं न्हाई. कुनाचं गळतंय हे कुनाला म्हाईत?"

खरंच होतं ते! त्या साली आख्ख्या जिल्ह्यात एकही छप्पर गळत नव्हतं! वर पाणी ओतून बघावं म्हटलं, तर अण्णांच्या बायकोला, गोजरबाईंना, दोन हंड्यांसाठी टँकरपुढे अर्धा दिवस उभं राहावं लागत होतं. त्यातला एक हंडा माळवदावर ओतायला मागितला असता, तर त्यांनी मलाच आडात टाकून दुसरा 'ठक्' ऐकला असता.

मग मी डोकं चालवलं. पाणी म्हणजे शेवटी काय? वजन! माती भिजली की वजन वाढतं. म्हणजे माळवदाला वजन पेलतं का, एवढंच बघायचं. माझं वजन पाऊण क्विंटलच्या वर. उडी मारली की ते तिप्पट. हिशोब चोख! त्या मंगळवारी उसाचं गळीत लवकर संपल्यामुळे कारखान्याला काम नव्हतं. मी शिडी लावली आणि वर गेलो.

पहिली उडी मारली. दणका छान! दुसरी मारली. तुळई हूं की चूं करेना. छाती फुगली. समोरच्या ओट्यावर छबूबाई नावाच्या शेजारीण बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघून मी जरा हसलोसुद्धा. आणि तिसरी उडी मी मनापासून मारली.

खाली रंगनाथअण्णा खांबाला टेकून चहा पीत होते. धुरळा बसल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली. वर बघितलं, तिथं बैलगाडीच्या चाकाएवढं आभाळ होतं. मग माझ्याकडे बघितलं.

"या, बसा," ते म्हणाले. "पर दारानं आला असता तरी चाललं असतं."

मॅट्रिक झाल्यापासून मी 'आहे' म्हणतो. त्या दिवशी सगळं शिक्षण वरच राहिलं. "अण्णा, मोडला! पाय मोडला! लई दुखतोय हो!"

"मोडला म्हंजी, माळवद का पाय?"

"दोन्ही हाय!"

गोजरबाई धावत आल्या. त्यांनी हळद आणली, पाणी आणलं, ते दोन हंड्यांतलंच, आणि माझ्या डोक्यावरची माती पदरानं पुसली. "मेल्या माळवदाला आजच पडायचं हुतं," म्हणाल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंच मला जास्त लागलं.

हाड बसवायला बन्सी आला. बन्सी बोटांनी बघायचा, डोळे मिटून, जणू पेटीच वाजवतोय! त्यानं पाय ओढला, मी आळीभर ऐकू जाईल असं ओरडलो, मग बांबूच्या कामट्या बांधल्या, कसलासा ऊन लेप थापला आणि म्हणाला, "एकवीस दिस हितून हालायचं न्हाई."

"एकवीस? खरेदीची मुदत अकरा दिवसांवर आली आहे!"

"हाड पावती वाचत न्हाई," बन्सी म्हणाला. "हाललास तर आडवं बसंल. मंग गावभर वाकडा चालशील, आन् लोक इचारतील, कुनी बसवला पाय? माझं नाव खराब करू नगं."

असा मी, खरेदीखत व्हायच्या आधीच, त्या घरात मुक्कामाला आलो!

विजयमालाला निरोप गेला. ती तासाभरात कोसभर चालत आली. तिनं आधी भोक बघितलं, मग मला बघितलं.

"पेललं का वजन?" एवढंच बोलली.

आणि पदर खोचून कामाला लागली. गोजरबाईंनी आम्हाला मधला खण दिला आणि स्वतः दोघं ओट्यावर झोपू लागली. "उकडतंय आत," म्हणाल्या. माळवदाला एवढं मोठं भोक असताना कसलं उकडतंय! पण पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून माणसं काय काय बोलतात.

आता इथून पुढं जे झालं, त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता, हे मी आजही सांगतो. दुसऱ्या दिवशी विजयमाला चाळीतून स्टोव्ह घेऊन आली, कारण गोजरबाईंवर दोन घरांचा स्वयंपाक नको. तिसऱ्या दिवशी ट्रंक आणली, कारण रोज लुगड्यासाठी कोसभर कोण जाणार? चौथ्या दिवशी बैलगाडी करून शिवणयंत्र, लोणच्याची बरणी आणि देव आणले. पाचव्या दिवशी ती नि गोजरबाई मिळून फळी कुठं ठोकायची ते ठरवत होत्या आणि अण्णा ओट्यावर बसून खिळे सरळ करत होते!

हे सगळं समोरून छबूबाई बघत होत्या. छबूबाईंची नजर म्हणजे आमच्या काट्याहून चोख. फक्त त्या वजन जरा वाढवून सांगायच्या. त्यांची भाची दिलेली सुप्याला. ती माहेराहून परत जाताना एस.टी.त बसली, आणि बातमीही तिच्याबरोबर बसली.

नवव्या दिवशी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. उंच, काळा, मिशी सायकलच्या हँडलसारखी. मी कधी बघितला नव्हता, पण ओळखला.

"कानिफनाथराव ना? या, बसा!" मी पडल्या पडल्या म्हणालो.

"माझ्याच घरात मला बसा म्हनतो?" तो कडाडला. "दादा! ह्यो मानूस माळवद फोडून घरात घुसला, हे खरं काय?"

"तसं बघाय गेलं तर," अण्णा विचार करून म्हणाले, "खरं हाय."

"सामानसुमान आनून ताबा घेतला, हे खरं काय?"

"सामान हाय की. शिवायचं मशीनबी हाय. चांगलं हाय मशीन."

"आन् तुला नि वैनीला ओट्यावर झोपाय लावलं?"

"झोपतो खरं आमी ओट्यावर," अण्णा म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. एकेक शब्द खरा, आणि सगळं मिळून दरोडा!

विजयमाला मध्ये पडली. "भाऊजी, अहो, यांचा पाय मोडलाय."

"घर फोडताना मोडला!" कानिफनाथ म्हणाला. "खत न्हाई, सही न्हाई, आन् देव मांडून बसलात? ऐका. ह्यो मानूस घरातून निघाल्याबिगर मी सही करनार न्हाई. ताबा खतावर द्यायचा आस्तो. माळवदातून न्हाई!"

आणि तो अंगणात बाज टाकून बसला. बन्सीला बोलावलं. बन्सी म्हणाला, बारा दिवस हलवायचं नाही. कानिफनाथ म्हणाला, हलल्याशिवाय सही नाही. परवा मुदत संपणार. पारावरचं गिऱ्हाईक आता पार सोडून आमच्याच गल्लीत फेऱ्या घालत होतं.

त्या संध्याकाळी विजयमाला माझ्या उशाशी येऊन बसली. म्हणाली, "जाऊ द्या. चाळ काही वाईट नाही." आणि उठून ट्रंकेत एकेक लुगडं घडी घालून ठेवायला लागली. मला वाटलं, पाय मोडला तेव्हा इतकं दुखलं नव्हतं.

"ठेव ती लुगडी बाहेर!" मी ओरडलो. "खरेदी होणार!"

"कशी? तुम्हाला उठता येत नाही."

"बन्सी म्हणतो हलायचं नाही. मी नाही हलणार. बाज हलेल! कानिफनाथ म्हणतो घरातून निघा. निघतो! बाजेसकट उचला, रजिस्ट्रीच्या कचेरीत नेऊन ठेवा. मी घराबाहेरही आणि खताला हजरही!"

"पर तुमी याया पायजेच का?" ओट्यावरून अण्णांनी विचारलं.

"अण्णा, गाडी काट्यावर आल्याशिवाय कधी वजन झालंय का? घेणारा हजर हवाच!"

हे मी इतक्या ठासून म्हणालो की सगळ्यांना पटलं. काट्यावरच्या माणसाच्या बोलण्याला वजन असतं.

शेवटच्या दिवशी सकाळी बाज उचलली. पुढच्या डाव्या कोपऱ्याला स्वतः कानिफनाथ! "ह्यो भायेर पडतोय ह्याची मला खात्री पायजे," म्हणाला. उजवीकडे अण्णा. मागे आळीतले दोघं पैलवान भाऊ. हलू नये म्हणून बन्सीनं मला सुतळीनं बाजेला बांधलं. ऊन असं होतं की कावळे सावली शोधत होते, म्हणून विजयमालानं माझ्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरं धोतर पांघरलं. लेप वाटेत गार होऊ नये म्हणून बन्सीनं एका गाडग्यात निखारे घातले, त्यावर लेपाची वाटी ठेवली, आणि ते धुरणारं गाडगं सुतळीनं हातात धरून सगळ्यांच्या पुढं चालू लागला.

मागून गोजरबाई येत होत्या. त्यांना रडू फुटलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी नवरी म्हणून ज्या उंबऱ्यातून आत आल्या, तो आज दुसऱ्याचा होणार होता. "कसं सोडून जायाचं गं बाई!" म्हणून त्या हंबरडा फोडत होत्या, आणि विजयमाला त्यांना सावरता सावरता स्वतःही डोळे पुसत होती.

तुम्हीच सांगा, रस्त्यावरच्या लोकांनी काय समजावं?

मला धोतराखालून काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. आधी एका दुकानाची फळी पडल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या. सायकलवरून माणसं उतरू लागली. कुणीतरी पुटपुटलं, "राम राम राम." मला वाटलं, आपल्याला नमस्कार करतायत!

"कोन गेलं?" कुणीतरी कानिफनाथला विचारलं.

"हे घर घेनारे," कानिफनाथ म्हणाला. त्याला वाटलं, कोण चाललंय असं विचारतायत!

"आरारा! आन् तुमी कोन?"

"घर माझंच. मी खांदा देतोय, कारन हे गेल्याबिगर माझा जीव थाऱ्यावर येनार न्हाई."

"आसं बोलू नये ओ, गेलेल्या मानसाला!"

मागं पावलं वाढत चालली. पंचवीस, तीस, पन्नास माणसं. आणि त्यात एक ओळखीचा आवाज आला. आमच्या काट्यावरचा माझा जोडीदार, आबासाहेब! तो बाजाराला आला होता.

"कोण? आपला सूर्यभान?" आबासाहेबाचा आवाज फाटला. "अरे देवा! सोन्यासारखा माणूस! आयुष्यात एक गाडी चुकीची मोजली नाही हो ह्यानं!"

आता खरं सांगतो. त्याच वेळी मी तोंडावरचं धोतर काढायला पाहिजे होतं. पण जिवंतपणी कोण एवढं चांगलं बोलतं? म्हटलं, आणखी जरा ऐकावं.

"शेतकऱ्यांचा लाडका," आबासाहेब सांगत होता. "साहेब लोकसुद्धा ह्याला वचकून असायचे."

हे मलाही माहीत नव्हतं! मी डोळे मिटून घेतले.

"मनानं राजा. जरा बढाईखोर होता, पण राजा."

बढाईखोर? बरं, असू दे.

"आता त्याच्या जागी," आबासाहेबानं नाक ओढलं, "माझ्या मेव्हण्याला चिकटवता येईल का, ते बघितलं पाहिजे. उद्याच सकाळी साहेबांना गाठतो."

"मेव्हण्याला?" मी बांधलेला असूनही अर्धा उठून बसलो. "आबा! त्याला काट्यावरचा आकडा वाचता येत नाही! आणि मी अजून हाय! जित्ता हाय मी!"

पुढचं सगळं एका श्वासात झालं. आबासाहेब बेशुद्ध पडला. पन्नास माणसांपैकी दहा उरली. मागचे दोघं पैलवान, जे दर जत्रेत मानाची कुस्ती मारत, बाज सोडून पळाले आणि थेट विड्यांच्या दुकानाच्या फळीखाली सापडले. बाजेची मागची बाजू धाडकन खाली आली. अण्णा मटकन बसले. पण पुढचा डावा कोपरा तसाच वर राहिला. कानिफनाथ एकटा पाय रोवून उभा होता!

"दादा, उचल!" तो गरजला. "सुप्याहून मी माळवद बघाया आलो न्हाई. आज सोक्षमोक्ष झालाच पायजे!"

आणि मोक्ष हा शब्द ऐकून उरलेली दहा माणसंही गेली.

शेवटी पैलवानांना ओढून आणलं. कचेरीच्या व्हरांड्यात बाज टेकली, तेव्हा आमच्या आधी बातमी टेकली होती. आमचं खत लिहिणारा सहादेव नावाचा दस्तलेखक तिथं डोक्याला हात लावून बसला होता. अण्णांनी त्याच्याकडून परस्पर खत लिहून घेतलं होतं, त्यामुळे त्यानं मला कधी बघितलं नव्हतं.

"अण्णा, घेणारे वारले म्हणे! आता वारसांच्या नावानं नवं खत लिहावं लागेल," तो म्हणाला. "स्टँप वाया गेला."

"काही वाया गेलेला नाही!" मी बाजेवरून ओरडलो. "मी सूर्यभान. घेणारा. जिवंत. मुदतीच्या आत. हजर!"

गडबड ऐकून रजिस्ट्रार साहेब स्वतः बाहेर आले. शांत माणूस, नाकाच्या टोकावर चष्मा. त्यांनी बाज बघितली, सुतळी बघितली, बन्सीचं धुरणारं गाडगं बघितलं आणि ते आधी जरा लांब ठेवायला सांगितलं.

"देणारे कोण?"

"आमी दोघं भाऊ," अण्णा म्हणाले.

"दोघं राजीखुशीनं लिहून देता? ताबा घेणाऱ्याला द्यायचा आहे, तर घर मोकळं आहे ना?"

सगळं थांबलं. गोजरबाईंचं रडणंसुद्धा. कानिफनाथनं माझ्याकडे बघितलं. घामानं धोतर अंगाला चिकटलेला, कामट्या बांधलेला, डोक्यात अजून अकरा दिवसांपूर्वीची पांढरी माती. मग विजयमालाकडे बघितलं. ती बाजेचा खूर घट्ट धरून उभी होती.

"घर मोकळं हाय, सायेब," कानिफनाथ म्हणाला. "मी सवता खांद्यावर घालून भायेर काढलाय. बोलल्याप्रमानं निघाला. आता माझीबी जबान हाय. कुठं करायची सही?"

सही झाली. अण्णांचा अंगठा झाला. साक्षीदार झाले. शिक्का पडला, आणि विजयमालानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला, तो माझ्या कानाजवळून गेला.

"साहेब," मी बाजेवरून हात लांब केला, "माझी सही कुठं?"

"तुमची?" साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमची सही लागत नाही. देणाऱ्यांनी आलं की झालं. घेणाऱ्यानं इथं यायचंच कारण नसतं."



"अहो सहादेव!" मी किंचाळलो. "हे आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" सहादेव टाक पुसत म्हणाला.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं. वर कचेरीचे पत्रे होते. मजबूत होते.

"असो!" मी म्हणालो. "झालं ते झालं. चला, उचला! घरी जाऊ. आपल्या घरी!"

कुणी हललं नाही. पैलवान भावांनी एकमेकांकडे बघितलं. थोरला खाकरला.

"त्ये जमायचं न्हाई, भाऊ. खांद्यावरून एकदा आनलेलं मागारी न्यायची रीत न्हाई."

"अरे, पण मी जिवंत आहे!"

"त्ये खरं. पर लोकांनी दुकानं बंद केली, त्येंचाबी मान ठेवाया पायजे."

आणि गेले! अण्णा-कानिफनाथ दोघं भाऊ खूप दिवसांनी भेटले म्हणून चहाला गेले. बन्सी म्हणाला, आता एकवीस दिवस आजपासून पुन्हा मोजायचे. शेवटी टँकरमागून चाललेल्या एका रिकाम्या बैलगाडीत विजयमालानं मला चढवलं आणि माझ्या शेजारी ऐटीत बसली, जणू वरातच निघालीय! वाटेत लोक मला बघून पुन्हा दचकत होते, आणि ती प्रत्येकाला हात करून सांगत होती, "घर झालं हो आमचं!"

आबासाहेबाचा मेव्हणा मात्र दुसऱ्याच दिवशी काट्यावर रुजू झाला. साहेबांपर्यंत पहिली बातमी पोचली होती, दुसरी पोचायला आठवडा लागला.